अनोळखी शीळ, ओळखीचा पक्षी

बागेत वेगळाच आवाज आला की पक्षीमित्रांच्या ग्रुपवर लगेच विचारणा होते, "कोणी नवीन आलंय का?" माझं आग्रहाचं म्हणणं आहे, आधी नेहमीच्या मंडळींकडे नीट बघा.

नकल्या खाटीकच घ्या. तारेवर बसून कर्कश ओरडणारा, टोळ-सरडे काट्याला टोचून ठेवणारा पक्षी. त्याच्याकडून गाण्याची अपेक्षा कोण करणार? पण विणीच्या दिवसांत तो हलक्या, गोड आवाजात गातो आणि त्यात टिटवी, खार, अगदी कुत्र्याच्या पिल्लाचं केकाटणंसुद्धा बेमालूम मिसळतो. कोतवाल तर शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज काढून साळुंक्यांना पळवून लावतो आणि त्यांचं भक्ष्य लाटतो.

कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, काव-काव ऐकत मोठं होतं, तरी पुढे नर 'कुहू'च म्हणतो. ती हाक उपजत असते. दयाळ पक्ष्याचं तसं नाही. तो ज्या गटात मोडतो, त्या गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून शिकतात. आधी नुसतं पुटपुटणं, मग तुटक सुरावटी, हळूहळू पक्कं गाणं. आणि जे शिकलं जातं, ते जागेनुसार, काळानुसार बदलू शकतं.

2003 साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात संशोधकांना आढळलं की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट चढ्या पट्टीत गातात, कारण वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते. तिथला हा अगदी साधा, घराजवळचा पक्षी. आपल्या पुण्या-नागपुरातल्या दयाळाचं गाणं चाळीस वर्षांत बदललं का? जुनी ध्वनिमुद्रणं असल्याशिवाय कोण सांगणार? दुर्मीळ पक्ष्यामागे आपण कॅमेरे घेऊन मैलोन् मैल जातो, आणि खिडकीतल्या दयाळासाठी फोनसुद्धा बाहेर काढत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप जरूर वापरा, मीही वापरते. पण त्याला फक्त आवाज ऐकू येतो, फांदीवर कोण बसलंय ते दिसत नाही. त्याने 'शिक्रा' म्हटलं म्हणून लगेच नोंद करू नका. आधी गाणारा डोळ्यांनी शोधा. मग मिनिटभर रेकॉर्ड करा, तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता ते लिहून ठेवा. बुलबुलच निघाला म्हणून ते रेकॉर्डिंग डिलीट मात्र करू नका.