लिऑन रेडबोन हा लिऑन रेडबोनच होता, कॉफमन नाही

जुनं रॅगटाइम (जॅझच्या आधीचं, मुळात पियानोवरचं अमेरिकन संगीत), जॅझ, ब्लूज गाणाऱ्या त्या पनामा हॅटवाल्या माणसाबद्दलचा तोच दावा परत फिरतोय. की लिऑन रेडबोन नावाचा कोणी नव्हताच, तो कॉमेडियन अँडी कॉफमन वेश बदलून गायचा, काहींच्या मते रॉक संगीतकार फ्रँक झप्पा, आणि वर पुरावा काय तर "ना जन्मगाव ना वय, मेला तेव्हा १२७ वर्षांचा होता असं त्याच्याच माणसांनी लिहिलंय". मला हा माणूस फार जवळचा आहे म्हणून एकदा सविस्तर लिहितोच.

आधी तारखा बघा. कॉफमन १६ मे १९८४ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, ३५ वर्षांचा होता. झप्पा गेला डिसेंबर १९९३ मध्ये. रेडबोन २०१५ पर्यंत कार्यक्रम करत होता, आणि २००३ च्या एल्फ सिनेमात बोलणाऱ्या स्नोमॅनचा आवाज त्याचाच आहे, शेवटी अभिनेत्री झोई डेशनेलबरोबरचं ड्युएटही त्याचंच. यावर लगेच उत्तर येतं की कॉफमनने मरणाचं नाटक केलं होतं. म्हणजे एक अफवा टिकवायला दुसरी अफवा, मग बोलणंच खुंटलं.

बरं ही जोडी जमली कुठून, तर सॅटर्डे नाइट लाइव्ह या अमेरिकन विनोदी टीव्ही कार्यक्रमामुळे असावी असं मला वाटतं. पहिल्याच सीझनमध्ये दोघंही तिथे दिसले, २८ फेब्रुवारी १९७६ च्या एपिसोडमध्ये तर दोघंही आहेत. पण रेडबोन काही तेव्हा उगवला नव्हता. साठच्या दशकाच्या शेवटापासून तो टोरांटोत गात होता, १९७२ च्या मारिपोसा फोक फेस्टिव्हलमध्ये बॉब डिलन त्याला भेटला आणि १९७४ मध्ये रोलिंग स्टोन या संगीताच्या मासिकाला म्हणाला की माझी रेकॉर्ड कंपनी असती तर मी ह्याला घेतलं असतं. तेव्हा रेडबोनचा एकही अल्बम आला नव्हता! १९७२ मध्ये बफेलोच्या एका रेडिओ स्टेशनवर त्याने एकट्याने गिटार घेऊन गायलेलं रेकॉर्डिंग २०१६ ला निघालंय, ते ऐका, माणूस पूर्ण तयार आहे.

आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा गिटार. दाव्यात याबद्दल एक शब्द नसतो. रेडबोनचा अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर आळीपाळीने ठोका धरतो आणि बाकीची बोटं वर ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे चाल वाजवतात, म्हणजे रॅगटाइम पियानोवाल्याचा डावा हात आणि उजवा हात एकाच पंजात आणायचा, आणि हे करताना वर गायचं, तेही शब्द मागे रेंगाळत ठेवून, जणू आत्ताच झोपेतून उठलाय. काळा चष्मा आणि मिशी कोणीही लावेल हो, पण हे हातात बसायला वर्षं जातात. कॉफमन त्या काळात क्लबमध्ये आणि मग १९७८ ते ८३ टॅक्सी मालिकेत दिसत होता, तो हे शिकला कधी आणि अमेरिकाभर गात फिरला कधी?

"ओळखच नाही" हेही खोटं. ऐंशीच्या दशकातच टोरांटो स्टार या वर्तमानपत्राने छापलं होतं की ह्याचं मूळ नाव डिकरान गोबालियन, साठच्या दशकात सायप्रसहून कॅनडात आला आणि ऑन्टारियोच्या कायद्याप्रमाणे नाव बदललं. आर्मेनियन घरातला मुलगा, जन्म निकोसियात, १९४९. ३० मे २०१९ ला गेला तेव्हा ६९ वर्षांचा होता. ते १२७ वर्षं त्याच्या निरोपाच्या निवेदनातलं आहे, त्यातच लिहिलंय की ब्लाइंड ब्लेक, एमेट आणि जेली रोल (हे त्याचे आवडते, केव्हाच गेलेले जुने गायक-वादक) इतके दिवस काय करतायत ते बघायला तो निघालाय. हे लाडाने लिहिलेलं आहे, जन्मदाखला म्हणून वाचायचं नसतं.

शेवटी एक आरोप राहतो की हे सगळं गिमिक, जुन्या तबकड्यांची नक्कल. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. १९७५ च्या ऑन द ट्रॅक या पहिल्या अल्बमवर व्हायोलिन कोणाचं आहे माहितीये? जो व्हेनुटीचं, जो १९२० च्या दशकात स्वतः तो जॅझ घडवत होता. अशा माणसाबरोबर नकली चालत नाही, तो पहिल्या टेकलाच ओळखेल. आणि रेडबोन स्वतःबद्दल बोलायचं टाळायचा पण जेली रोल मॉर्टन, ब्लेक, एमेट मिलर यांना विसरू देत नव्हता. ब्लाइंड ब्लेक १९२६ ते ३२ एवढीच वर्षं पॅरामाउंट कंपनीसाठी गायला, पुढे जवळपास विस्मृतीत गेला, माझ्यासारख्या कितीतरी जणांना तो पहिल्यांदा भेटला रेडबोनमुळेच. म्हणून मला राग येतो, कारण कॉफमनची गंमत म्हणून हे शेअर करताना आपण एका स्थलांतरित पोराचं चाळीसएक वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावावर करतो.

शंका असेल तर ब्लेकचं १९२९ चं डिडी वा डिडी लावा, मग रेडबोनचं डबल टाइम अल्बममधलं १९७७ चं. ब्लेकची बोटं धावतात, रेडबोन तीच चाल सावकाश चालवतो आणि "डिडी वा डिडी म्हणजे काय" हा गाण्यातला प्रश्न असा विचारतो की त्यालाही उत्तर माहीत नाही असं खरंच वाटतं.