‘तारे बघायचे तर शहराबाहेर जा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रात्रीच्या दिव्यांबद्दलचा एक मेसेज बरेच दिवस या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रकाश प्रदूषण हा मूठभर आकाशवेड्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. ज्यांना तारे बघायचेत त्यांनी शहराबाहेर जावं, नाहीतर मोबाइलवर बघावं. एलईडी आल्यापासून तो प्रश्न तसाही सुटला आहे. उपग्रहाच्या चित्रांत काही शहरं आता पूर्वीपेक्षा मंद दिसतात, हा त्याचा पुरावा. दिवे कमी केले तर चोऱ्या आणि अपघात वाढतील. उजेड म्हणजे प्रगती, तेव्हा तक्रार कसली? आणि काही बिघडलं असलंच, तरी आता काही होऊ शकत नाही.

वाचताना प्रत्येक वाक्य पटल्यासारखं वाटतं, म्हणूनच तो इतका पुढे ढकलला जातो. मला आकाशदर्शनाची मनापासून आवड आहे, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही. पण पुढची उत्तरं आवडीनिवडीवर उभी नाहीत.

‘हा मूठभर लोकांचा प्रश्न आहे’

2016 साली जगभरातल्या रात्रीच्या आकाशाच्या उजळपणाचा नकाशा प्रसिद्ध झाला. उपग्रहांनी टिपलेला उजेड आणि जमिनीवरून घेतलेली मोजमापं यांची सांगड घालून तो तयार केला होता. त्यानुसार जगातली 80 टक्क्यांहून जास्त माणसं प्रकाशाने गढूळ झालेल्या आकाशाखाली राहतात. एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसतच नाही. युरोपात हे प्रमाण 60 टक्के आहे, उत्तर अमेरिकेत जवळपास 80 टक्के. इतक्या जणांचं नुकसान मूठभरांचं कसं म्हणायचं?

नेमकं काय गेलं, तेही पाहू. चांगल्या काळोखात नुसत्या डोळ्यांना साधारण साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. अख्ख्या खगोलावर असे नऊ हजारांच्या आसपास तारे आहेत. त्यातले निम्मे कोणत्याही क्षणी क्षितिजाखाली असतात, क्षितिजालगतचे धूसर हवेत विरतात, तरी एका वेळी दोन-तीन हजार तारे डोक्यावर असतात. मोठ्या शहराच्या मध्यभागी हीच मर्यादा तिसऱ्या-चौथ्या प्रतीपाशी येऊन थांबते आणि उरतात शंभर-दोनशे. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा), म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समूह, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे आणि काळोख्या आकाशात ती उपकरणाशिवाय सहज दिसते. इतक्या लांबचा प्रकाश थेट आपल्या डोळ्यात उतरतो, याचा मला आजही थरार वाटतो. शहरात वाढलेल्या मुलाला ती कुठे शोधायची हे सांगूनही दिसत नाही.

ही घसरण थांबलेलीही नाही. ‘ग्लोब ॲट नाइट’ या उपक्रमात जगभरातले सामान्य लोक डोक्यावरचं आकाश ताऱ्यांच्या नकाशांशी ताडून नोंदी पाठवतात. 2011 ते 2022 या काळातल्या अशा 50 हजारांहून अधिक नोंदी तपासल्यावर दिसलं की आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढतो आहे. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. अभ्यासकांनीच दिलेलं उदाहरण असं: जिथे आज 250 तारे दिसतात तिथे जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं होईल तेव्हा त्याला जेमतेम 100 दिसतील. या नोंदी पाठवणारे बहुसंख्य लोक हौशीच आहेत हे खरं. त्यांनी डोळे उघडे ठेवले म्हणून हे सगळ्यांना कळलं.

मेसेज लिहिणाऱ्याने माणसाखेरीज कुणाचा विचारच केलेला नाही. समुद्री कासवांची पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालू लागतात. निसर्गात ती दिशा समुद्राची असते. किनाऱ्यावर दिवे असतील तर ती उलटी, जमिनीकडे जातात. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यांबद्दल 2024 मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं की उडताना ते पाठ उजेडाकडे ठेवतात. वर नेहमी आकाशच उजळ असतं, या भरवशावर त्यांचं उडणं बेतलेलं आहे. दिवा बाजूला किंवा खाली असला की त्यांचा तोल फिरतो आणि ते तिथेच अडकतात.

‘शहराबाहेर जा, नाहीतर मोबाइलवर बघा’

मोबाइलचा मुद्दा लवकर संपतो. ॲप तारा ओळखायला उत्तम आहे, मीही वापरते. ते ताऱ्याच्या जागी बसू शकत नाही.

शहराबाहेर जाण्याचं मात्र नीट बघायला हवं. उजेड शहराच्या हद्दीत थांबत नाही. दिव्यातून आडवा किंवा किंचित वरच्या दिशेने निघालेला प्रकाश हवेतून लांबवर जातो, धूळ, बाष्प आणि हवेच्या रेणूंवरून विखुरतो, आणि क्षितिजावर उजेडाचा घुमट उभा राहतो. अमेरिकेतलं डेथ व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान काळोख्या आकाशासाठी नावाजलेलं आहे. तिथूनही शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या लास व्हेगासचा उजेड क्षितिजावर दिसतो. तेव्हा ‘बाहेर’ म्हणजे किती बाहेर? आणि लहान मुलं, म्हातारी माणसं, रोज कामाला जाणारे, गाडी नसलेले यांनी तिथवर पोचायचं कसं?

शिवाय आकाश एकदा जाऊन बघून यायची वस्तू नाही. त्याची खरी गोडी रोज थोडं थोडं बघण्यात आहे. मंगळ ताऱ्यांमधून पुढे सरकताना थबकतो, काही आठवडे मागे जातो आणि पुन्हा पुढे निघतो. मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलजूस) हा तांबूस तारा 2019-20 च्या हिवाळ्यात इतका मंदावला होता की रोज बघणाऱ्याला तो शेजारच्या ताऱ्यांपुढे फिका पडलेला नुसत्या डोळ्यांनी जाणवत होता. असं काही टिपायला राहत्या जागेवरूनच आकाश दिसावं लागतं.

आणि शहरातून काहीच दिसत नाही, हेही मला मान्य नाही. कृत्तिका या ताऱ्यांच्या छोट्याशा पुंजक्यावर हा प्रयोग करून बघा. रस्त्यावरचे, शेजारचे सगळे दिवे आड होतील अशी एखाद्या भिंतीची सावली शोधा आणि तिथे वीस-पंचवीस मिनिटं थांबा. बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण मंद उजेडावर काम करणाऱ्या पेशींना पूर्ण सरावायला एवढा वेळ लागतोच. मधे एकदा जरी मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर नजर गेली तरी बरीचशी मेहनत वाया जाते. मग कृत्तिकांकडे थेट न बघता जरा बाजूला बघा आणि ध्यान त्यांच्यावर ठेवा. आधी जिथे पुसट डाग होता तिथे सुट्या तारका दिसू लागतात. त्यातली सर्वांत तेजस्वी तारका 2.9 प्रतीची, सहावी 4.3 च्या आसपासची. चारच मोजता आल्या तर तुमच्या आकाशाची मर्यादा चौथ्या प्रतीपाशी आहे, सहा दिसल्या तर बरंच बरं, आठ-नऊ दिसल्या तर तुम्ही भाग्यवान. भिंतीआड गेल्याने डोळ्यावर येणारी तिरीप थांबते. आकाशात पसरलेला उजेड मात्र तसाच राहतो. पहिल्या गोष्टीवर आडोशाचा उपाय आहे, दुसरीवर दिवे सुधारण्याखेरीज नाही.

‘एलईडीने प्रश्न सोडवला’

मेसेजमधला हा सर्वांत फसवा दावा आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा वाटा ठळक असतो, आणि हवेचे रेणू निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. दिवसा आकाश निळं दिसतं त्यामागचं कारणही हेच. हा विखुरण्याचा प्रभाव तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश सुमारे 589 नॅनोमीटरचा, एलईडीतला निळा 450 च्या आसपासचा. हिशोब केला तर तो निळा भाग जवळजवळ तिप्पट विखुरतो. त्यामुळे तितकाच उजेड देणारा निळसर पांढरा दिवा लावला तरी आकाश जास्त पांढरं होतं.

आता उपग्रहांची चित्रं. रात्रीच्या उजेडाच्या मोजमापासाठी गेली अनेक वर्षं ज्या उपग्रह-संवेदकावर मुख्य भिस्त आहे, त्याला निळा प्रकाश दिसत नाही. सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले की त्याच्या लेखी शहर मंद होतं, आणि त्याच वेळी खाली उभ्या माणसाच्या डोक्यावरचं आकाश आणखी उजळलेलं असू शकतं. शिवाय पाट्या, खिडक्या यांमधून आडवा जाणारा उजेड वरून नीट टिपता येत नाही. जमिनीवरच्या नोंदींत दिसणारी वाढ उपग्रहांच्या आकड्यांपेक्षा इतकी जास्त का, याची ही दोन मोठी कारणं आहेत. त्या अंधत्वासकट 2012 ते 2016 या काळात उपग्रहालाही जगातलं कृत्रिम उजेडाखालचं क्षेत्र वर्षाला सुमारे 2 टक्क्यांनी वाढताना दिसलं होतं.

एलईडीने प्रश्न न सुटण्याचं आणखी एक कारण माणसाच्या स्वभावातलं आहे. वीज कमी लागते म्हटल्यावर जिथे एक दिवा होता तिथे तीन लागतात आणि रात्रभर चालू राहतात.

माझा एलईडीला विरोध नाही. तो हवा तिकडे वळवता येतो, मंद करता येतो, क्षणात चालू-बंद करता येतो, आणि उबदार पिवळसर छटेतही मिळतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये बाहेरच्या दिव्यांसाठी 3000 केल्विन किंवा त्याखालचे एलईडी वापरावेत असं सुचवलं होतं. केल्विन हे इथे प्रकाशाच्या छटेचं माप आहे; आकडा जितका लहान, तितकी छटा पिवळसर. अमेरिकेतल्या टूसॉन शहराने रस्त्यावरचे दिवे बदलताना ते खाली वळवलेले घेतले आणि मध्यरात्रीनंतर मंद करायची सोय केली. पुढे तिथेच रस्त्यावरचे दिवे मुद्दाम कमीजास्त करून उपग्रहातून मोजमाप केलं, तेव्हा दिसलं की अवकाशातून दिसणाऱ्या उजेडात रस्त्यावरच्या दिव्यांचा वाटा फार तर पाचवा हिस्सा आहे. उरलेला जाहिरातींच्या पाट्यांचा, वाहनतळांचा, मैदानांचा, इमारतींच्या बाहेरच्या दिव्यांचा. म्हणजे रस्ता अंधारात न ढकलताही सुधारायला भरपूर वाव आहे.

‘दिवे कमी झाले की गुन्हे आणि अपघात वाढतील’

ही भीती खरी आहे आणि तिला हसून चालणार नाही, विशेषतः रात्री एकटीने घरी परतणाऱ्या बाईच्या भीतीला. म्हणून दोन्ही बाजूंचा पुरावा मांडते.

इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक प्रशासनांची 2000 ते 2013 ची माहिती तपासली गेली. कुठे रस्त्यावरचे दिवे कायमचे बंद केले होते, कुठे रात्रीचे काही तास, कुठे मंद केले होते. त्यामुळे अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा सापडला नाही. दुसरीकडे, 2016 मध्ये न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक वसाहतींत तात्पुरते प्रकाशमनोरे उभारले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. तेव्हा उजेडाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. कुठे, किती वाजता आणि कसा उजेड, यावर उत्तर ठरतं. ‘दिवा कमी केला की धोका वाढलाच’ हा सरसकट नियम मात्र यातून निघत नाही.

‘कसा’ याची परीक्षा तुम्ही आज रात्रीच घेऊ शकता. भिंतीवर आडवा बसवलेला झगझगीत फ्लडलाइट असेल तिथे वीसेक पावलांवर उभे राहा आणि त्याच्या खालच्या, मागच्या भागात काय आहे ते बघायचा प्रयत्न करा. मग तळहात पुढे धरून फक्त तो दिवा झाका. दार, पायऱ्या, कोपऱ्यात कुणी उभं असेल तर तोही एकदम दिसू लागेल. एवढा प्रखर दिवा लावून त्याच्या मालकाने लपू पाहणाऱ्याला आडोसाच करून दिलेला असतो. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याचंही असंच होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग धुरकट होत जातं, तिरीप डोळ्यात पसरते आणि समोरून चालणारा माणूस तिच्यात हरवतो. दिव्यावर वरून झाकण असेल आणि त्याचा बल्ब लांबून थेट दिसत नसेल, तर कमी उजेडातही जास्त दिसतं. सुरक्षेची काळजी असलेल्यांनीच खरं तर उघड्या दिव्यांविरुद्ध बोलायला हवं.

‘उजेड म्हणजे प्रगती’

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ शहरात लोवेल वेधशाळा आहे, जिथे 1930 मध्ये प्लूटोचा शोध लागला. त्या शहराने 1958 मध्येच जाहिरातींसाठी आकाशात सोडल्या जाणाऱ्या झोतांवर बंदी घातली, आणि 2001 मध्ये ते जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’, म्हणजे काळोखं आकाश जपणारं, शहर ठरलं. स्पेनने 1988 मध्ये कॅनरी बेटांवरच्या आकाशाच्या रक्षणासाठी कायदा केला. स्लोव्हेनियाने 2007 मध्ये देशभरासाठी नियम आणले. फ्रान्समध्ये रिकाम्या कार्यालयांचे आणि दुकानांच्या काचांमागचे दिवे रात्री ठरावीक वेळेनंतर बंद ठेवावे लागतात. यातलं कोण मागासलेलं आहे?

‘आता काही होऊ शकत नाही’

मेसेजचा शेवट या सुरावर होतो, आणि इथेच तो सर्वांत जास्त चुकतो. नदीत सोडलेलं रसायन वर्षानुवर्षं गाळात राहतं. उजेड मागे काही ठेवत नाही. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या स्मरणार्थ दरवर्षी दोन प्रचंड झोत आकाशात सोडतात. सात वर्षांतल्या सात रात्रींत त्यांचा परिणाम सुमारे 11 लाख स्थलांतरित पक्ष्यांवर झाला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाट सोडून ते झोतात गोल गोल फिरत, ओरडत राहायचे. पण झोत बंद केले की काही मिनिटांत पक्षी पांगायचे आणि आपल्या मार्गाला लागायचे. आता झोतात एका वेळी हजाराहून जास्त पक्षी दिसले की ते वीसेक मिनिटं बंद ठेवतात. स्मृतिसोहळाही होतो, पक्षीही सुटतात.

इमारतीच्या बैठकीत हा विषय काढायचा असेल तर ‘दिवे बंद करा’ने सुरुवात करू नका, लोक तिथेच कान बंद करतात. आडवे फ्लडलाइट खाली वळवायला सांगा. पुढचा दिवा घ्याल तेव्हा खोक्यावर केल्विनचा आकडा बघून 3000 पेक्षा कमीचा घ्या, शक्यतो 2200 च्या जवळचा. गच्चीवरच्या आणि मागच्या वाटेवरच्या दिव्यांना हालचाल टिपणारा सेन्सर बसवा, म्हणजे कुणी आलं की ते लागतील. शोभेच्या दिव्यांना टायमर लावा. दिवे बदलण्याआधी आणि नंतर, चंद्र नसलेल्या स्वच्छ रात्री एकाच जागेवरून कृत्तिका मोजा आणि ते दोन आकडे पुढच्या बैठकीत सांगा.