पिशवी सांभाळा

आजारी पडणार असाल तर औषधाचं नंतर बघा, आधी रिपोर्ट-कागद ठेवायला दणकट पिशवी घ्या. बेळगावात साडीच्या दुकानातली चालते. पण निपाणी-चिकोडीकडून मिरज-कोल्हापूर गाठणाऱ्यांनी चेनवालीच घ्यावी. तिला राज्याची हद्द ओलांडायची असते.

इकडच्या-तिकडच्या सरकारांचे आणि दवाखान्यांचे संगणक एकमेकांशी बोलावेत, असलं भलतं मनात आणू नका. त्यासाठी कुठल्या रकान्यात काय लिहायचं, कुठल्या एककात, तारीख कशी, हे सगळ्यांनी एकच मानावं लागतं. याला सामायिक मेटाडेटा म्हणतात. आणि १९५६ पासून आपलं सीमेवर एकमत होईना, रकान्यांवर कुठलं व्हायला!

आमच्या आक्काचंच बघा. 'गंगूबाई' रेशनकार्डावर कन्नडात गेली, तिथनं आधारवर इंग्रजीत उतरली आणि मराठी केसपेपरवर 'गंगुबाय' होऊन परतली. एका ठिकाणी आडनावाच्या जागी वडील बसलेत. संगणकाच्या लेखी या चार बायका. साखर मात्र एकीचीच वाढते. पेनिसिलिन तिला चालत नाही, हे एका दवाखान्यानं 'शेरा' रकान्यात नोंदलंय, 'फोन शेजारी करावा'च्या खाली. ०४/०७ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल, हे ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक, आणि त्याची बदली झाली.

गावाचंही तेच. बेळगाव, बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत बेळगावी. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावागावाला आकडी कोड आहे. तो टाकला की नाव कुठल्याही भाषेत लिहा, गाव तेच राहतं. म्हणूनच टाकू नका. असले वाद मिटायला लागले तर १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन कोण पाळणार?

मानकं नाहीत असं मात्र म्हणू नका, सरकारला वाईट वाटतं. आरोग्य नोंदींची मानकं २०१३ साली आली, २०१६ साली सुधारली. रोगाचं निदान लिहायला स्नोमेड सीटी ही ठरलेल्या संज्ञांची कोडवार यादी आहे, माणसाच्या आरोग्य नोंदी जोडायला १४ आकडी आभा क्रमांक आहे. तुम्हीही आभा काढा, लॅमिनेट करा आणि पिशवीत ठेवा.

परवा मिरजेत खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "आधीचं काही आहे?" आक्कानं पिशवी ओतली. रिपोर्ट, चिठ्ठ्या, झेरॉक्सची झेरॉक्स. मुलीनं ते सगळं हातानं बाजूला सारलं आणि कोरा केसपेपर ओढला.

"नाव?"

आक्का माझ्याकडं वळली. "कंचं सांगू रे?"