तेराव्याच्या आधी कुठल्याही कागदावर सही करू नका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तेलविहिरीवरच्या स्फोटाची बातमी टाकली. दोन मिनिटांत खाली उत्तर: "वाईट झालं, पण घरच्यांना वीस-पंचवीस लाख मिळतात, लाइफ सेट." त्यावर अंगठ्यांची रांग. गणपतीत ज्यांच्या पंगतीला बसतो तीच ही माणसं. चहा तसाच ठेवून लिहायला बसले आहे.

कुणाला मिळतात हो वीस-पंचवीस लाख?

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या जुन्या वाड्यातल्या काकूंना विचारा. काका आधीच गेलेले. एकुलता एक मुलगा, वय तीस, लग्नाचं बघत होते. तेलविहिरींच्या दुरुस्तीसाठी जी वर्कओव्हर रिग लावतात, तिच्यावर ठेकेदाराचा माणूस म्हणून जायचा. एका रात्री विहिरीतून गॅस उसळला, आग लागली, मुलगा परत आला नाही. दहाव्याच्या दिवशी ठेकेदार दोन माणसं घेऊन दारात हजर. तीन लाखांचा चेक आणि गुजरातीत टाइप केलेला स्टँप पेपर. "माजी, अहीं सही करो." वर हेही ऐकवलं, "तमारा छोकरानी ज भूल हती." म्हणजे चूक तुमच्या मुलाचीच. काकूंनी सही केली. तो कागद नंतर मी वाचला. यापुढे कोणाकडेही आमची काही मागणी नाही, असं त्यात लिहिलं होतं.

त्या कागदाने काकूंचा हक्क जात नाही, हे त्यांना कुणीही सांगितलं नाही. ना नातेवाइकांनी, ना त्या दहा दिवसांत सांत्वनाला येऊन गेलेल्या साहेबांनी.

कामगार भरपाईचा कायदा 1923 सालचा. नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण गाभा तोच आहे. कामावर मृत्यू झाला तर मालकाने भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्याला कमिशनर म्हणत आलो त्याच्याकडे जमा करायची. परस्पर घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत, अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतक्या उचलीचा. हक्क सोडल्याचा करार करून घेतला असेल तर तोही रद्द. आणि मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. माणूस गेलेला असताना "त्याने हेल्मेट घातलं नव्हतं, नियम पाळला नव्हता" हा बचावही मालकाला चालत नाही. "तमारा छोकरानी ज भूल" म्हणणाऱ्या त्या माणसाला हे ठाऊक नसेल? पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तेराव्यापर्यंत थांबला नाही.

हिशोब मांडते. पगाराची निम्मी रक्कम गुणिले कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा. तेव्हाच्या नियमाने पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचे, मुलाचा त्याहून थोडा जास्तच होता. म्हणजे 7,500. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 207.98. गुणाकार करा: 15,59,850 रुपये. हातात आले तीन लाख! महिन्याभरात भरले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर निम्म्यापर्यंत दंड.

हो, मोठ्या कंपन्या स्वतःहून मदत जाहीर करतात, कधी कायद्यापेक्षा जास्तही देतात. मान्य. पण ती त्यांची मर्जी झाली, आणि त्या मर्जीच्या यादीत ठेकेदाराचा माणूस शेवटी येतो.

"कंपनीचा काही संबंध नाही, तो आमच्याकडे होता," असंही काकूंना सांगितलं होतं. धडधडीत खोटं. कंपनीच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं असेल तर भरपाई थेट मूळ कंपनीकडे मागता येते. कंपनीने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी, ती त्यांची भानगड.

नोव्हेंबर 2024 मध्ये कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागली, दोन जण गेले, तो धूर लांबून दिसत होता. त्या संध्याकाळी आपण सगळे हवेची काळजी करत होतो. मला काकूंचा दरवाजा आठवत होता. आसाममध्ये बागजानची विहीर 27 मे 2020 ला फुटली, 9 जूनला पेटली, आग विझवायला गेलेले दोन जण गेले. तिथे हरित न्यायाधिकरणाने ऑइल इंडियाला 25 कोटी जमा करायला लावले. दिल्लीच्या ओलियम वायूच्या गळतीनंतर 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की धोकादायक धंदा करणाऱ्याने नुकसान भरायचंच, सबब चालणार नाही. एवढं सगळं असून काकूंच्या दारात स्टँप पेपर येतो!

असो. राग थोडा उतरलाय. काकूंचा अर्ज शेवटी एका वकीलबाईंनी दोन वर्षांची मुदत संपायच्या आत लावला. विधवा आई कायद्याने अवलंबित धरली जाते, वेगळं काही सिद्ध करावं लागलं नाही. तारखा पडतायत. वेळ लागतो, तेही खरं. काकू प्रत्येक तारखेला धुवट पातळ नेसून रिक्षाने जातात, आणि आता चष्मा न विसरता नेतात.

म्हणून ज्यांच्या घरातलं कुणी रिगवर, रिफायनरीत, केमिकलमध्ये ठेकेदाराकडे आहे त्यांनी आजच गेट पास, हजेरी कार्ड आणि पगार जमा होतो त्या पासबुकाचे फोटो काढून ठेवा. ठेकेदार सगळ्यात आधी "हा आमच्याकडे नव्हताच" म्हणतो. पीएफ कापला जात असेल तर त्याबरोबर विमाही असतो, सात लाखांपर्यंतचा, तो बहुतेक जण मागतच नाहीत. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल तर वर सांगितलेला दावा चालत नाही, पण तिथून घरच्यांना दरमहा पैसे मिळतात, ते मागा. एफआयआर आणि पोस्टमॉर्टेमची प्रत घ्या. तेलविहीर कायद्याच्या लेखी खाण असते, त्यामुळे तिथल्या अपघाताची चौकशी खाण सुरक्षा महासंचालनालय करतं. रिफायनरी असेल तर कारखाना निरीक्षक. तो अहवाल माहिती अधिकारात मागा. दिवाणी दावाही लावता येतो, पण दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही, म्हणून आधी वकिलाला विचारा.

वकीलबाईंचा नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये या, इथे टाकत नाही. त्या मराठीतही बोलतात, आणि पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत.