गरोदर बाईवर संशोधन नको म्हणणाऱ्यांसाठी

प्रसूतिशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्याला "गरोदर बाईवर कसले प्रयोग करता?" हे कधी ना कधी ऐकावंच लागतं. मीही ऐकलंय. विचारणाऱ्याची काळजी खरी असते. पण त्या काळजीने बायकांचं नुकसानच जास्त झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. माँट लिगिन्स यांचं आयुष्य वाचल्यावर ते आणखी पक्कं झालं.

लिगिन्स न्यूझीलंडचे, जन्म १९२६चा. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये बाळंतपणं करणारे डॉक्टर. कळा नेमक्या कशाने सुरू होतात, आईमुळे की बाळामुळे, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला होता. त्यासाठी ते मेंढ्यांवर काम करत. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं की मेंढी दिवस भरायच्या आधीच विते, हे त्यांनी दाखवलं. तेवढ्यावर पेपर लिहून मोकळं होता आलं असतं. पण त्यातलं एक कोकरू फारच कोवळं होतं. मेंढीचे दिवस साधारण १४७, आणि हे जवळजवळ महिनाभर आधी जन्मलेलं. त्या वयाची फुप्फुसं कच्ची असतात, हवा आत ठरत नाही, कोकरू जगायला नको. हे मात्र श्वास घेत राहिलं. नंतर शवविच्छेदन केलं तेव्हा फुप्फुसं काही अंशी फुललेली होती. दुसऱ्या कुणी ते किरकोळ म्हणून सोडून दिलं असतं. स्टेरॉइडने फुप्फुसं लवकर तयार झाली असावीत, हे ओळखून लिगिन्स यांना त्यात अपुऱ्या दिवसांची माणसाची बाळं दिसली. वॉर्डात रोज बायका बघणारा माणूस प्रयोगशाळेत असला की काय होतं, ते हे.

बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन त्यांनी लगेच चाचणी सुरू केली, तीही गरोदर बायकांवरच. दिवस भरायच्या आधी बाळंत होऊ घातलेल्या २८२ आया. काहींना बीटामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, काहींना नाही, आणि कुणाला काय मिळणार हे नशिबावर सोडलेलं. १९७२ साली निकाल छापून आला. अचानक कळा सुरू झालेल्या आयांपैकी ज्यांना औषध मिळालं नाही, त्यांची १५ टक्के बाळं पहिल्या आठवड्यात गेली. औषध मिळालेल्यांची ३.२ टक्के.

यानंतर जगभर ते इंजेक्शन सुरू झालं असेल, असं वाटतं ना? १९९४ साली अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक बसली, तेव्हाही ज्यांना ते मिळायला हवं होतं त्यांतल्या पाचांत एकीलाही मिळत नव्हतं. बावीस वर्षं! मधल्या काळात आणखी चाचण्या झाल्या, आयरिश प्रसूतितज्ज्ञ पॅट्रिशिया क्रॉली यांनी त्या एकत्र मांडून दाखवल्या, तरी डॉक्टरांची भीती जाईना.

आता दुसरी बाजू बघा. गर्भपात टळावा म्हणून डीईएस नावाचं हार्मोन १९४०च्या दशकापासून बायकांना सर्रास दिलं जात होतं. १९५३ साली शिकागोतल्या चाचणीत त्याचा काही उपयोग नाही हे दिसलं. तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये त्या आयांच्या मुलींमध्ये योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कुठे डोळे उघडले. हे मी जेव्हा जेव्हा शिकवते तेव्हा संताप होतो. "प्रयोग" म्हणून हिणवलं जातं ते चाचणीला. पुराव्याशिवाय हजारो बायकांना औषध दिलं, त्याला मात्र उपचार म्हणायचं!

लिगिन्स यांच्या चाचणीतली ती बाळं तिशीची झाल्यावर त्यांना शोधून पुन्हा तपासलं गेलं. कामाचा पाठपुरावा असा असावा. आणि स्टेरॉइडचा प्रश्न तिथेही संपला नाही. २०१५ साली भारतासह सहा देशांत झालेल्या अभ्यासात, दिवस नीट न मोजता गावोगाव हे इंजेक्शन दिल्यावर एकूण नवजात मृत्यू उलट वाढलेले दिसले. मग २०२०ची जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी झाली. सोनोग्राफीने दिवस पक्के करून आणि बाळाची नीट काळजी घेता येईल अशा रुग्णालयांत औषध दिल्यावर मृत्यू घटले. हे दोन्ही कळलं ते बायका चाचणीत होत्या म्हणूनच.

त्याच २०२०मध्ये कोविड लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळलं. लस आल्यावर घ्यायची की नाही, हे पुरेशी माहिती हातात नसताना ती बाई आणि तिची डॉक्टर यांनी ठरवायचं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांकडे माझी मागणी एवढीच आहे: गरोदर बायकांना घेण्याची कारणं संशोधकाकडून जशी लेखी मागता, तशी त्यांना वगळण्याचीही मागा.