“त्या काळी सगळेच ठेवायचे” म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी चहा घेताना फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकंच सटकलं. कुणीतरी माउंट व्हर्ननचे, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या इस्टेटीचे, फोटो टाकलेत, खाली मजकूर : ‘जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात सर्व गुलामांना मुक्त केले. केवढे मोठे मन!’ त्यावर हात जोडलेल्यांची ही रांग.

आम्हा नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या मराठी घरांना माउंट व्हर्नन तोंडपाठ. भारतातून पाहुणे आले की कॅपिटल, म्युझियमं आणि उरलेल्या दिवशी हे. नवऱ्याच्या मामांनाही नेलं होतं. मामा बँकेतून रिटायर झालेले. पोटोमॅक नदीचा देखावा त्यांनी दोन मिनिटांत उरकला. जमीन किती, वारस कोण, यातच सगळा रस. साधारण 8000 एकर आणि पाच शेतं म्हटल्यावर स्वारी खूश. मग गुलामांच्या स्मारकापाशी आलो. बाजूच्या झाडीत पुरलेल्यांची नावं कुठेच नाहीत. तिथे मामा म्हणाले, “अगं, त्या काळी सगळेच ठेवायचे. शेवटी सोडलं ना त्याने?”

तिथेच माझी सटकली होती, आज पुन्हा सटकली.

नाही सोडलं हो सगळ्यांना! 1799 मध्ये वॉशिंग्टन गेला तेव्हा इस्टेटीवर 317 गुलाम होते. त्याचे स्वतःचे 123. काही भाड्याने आणलेले. आणि 153 होते त्याच्या बायकोच्या, मार्थाबाईंच्या, पहिल्या नवऱ्याच्या, डॅनियल कस्टिसच्या इस्टेटीचे. हा कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता मेला, म्हणून कायद्याने विधवेच्या वाट्याला तिसरा हिस्सा आला. हे सांगितल्यावर मामांनी लगेच मान डोलावली. “म्हणजे हयातीपुरता हक्क. वापरायचं, पण विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. पुढे नवऱ्याच्या वारसांना.” बरोब्बर. फक्त मामा, इथे ‘वापरायचं’ ती माणसं होती.

आणि चाळीस वर्षांत या दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्नं झाली होती, मुलंबाळं झाली होती. व्हर्जिनियाचा 1662 पासूनचा कायदा असा की मूल आईच्या मालकाचं. बाप वॉशिंग्टनचा आणि आई कस्टिसांची असेल, तर बाप सुटणार आणि पोरं अडकणार.

हर्क्युलिसचंच घ्या. राष्ट्राध्यक्षांचा स्वयंपाकी, फिलाडेल्फियात त्याच्या हाताची आणि रुबाबदार कपड्यांची चर्चा व्हायची. 1797 मध्ये तो माउंट व्हर्ननहून पळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फ्रान्सचा लुई-फिलिप, जो पुढे राजा झाला, तिथे पाहुणा आला होता. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, बाबा परत दिसणार नाहीत म्हणून वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, मला खूप आनंद झालाय, कारण ते आता मोकळे आहेत. सहा वर्षांची पोर! तिची आई कस्टिसांच्या हिश्श्यातली. त्यामुळे मोठं मन, मृत्युपत्र, यातलं काहीही तिच्या वाट्याला आलं नाही. 1802 मध्ये मार्थाबाई गेल्या आणि हिश्श्यातली सगळी माणसं त्यांच्या चार नातवंडांत वाटली गेली.

(मृत्युपत्रात ताबडतोब सुटका वॉशिंग्टनच्या खासगी नोकराची, एकट्या विल्यम लीची होती. बाकीच्यांची मार्थाबाईंच्या मृत्यूनंतर. म्हणजे शंभराहून जास्त माणसं बाईंच्या मरणाकडे डोळे लावून बसलेली! बाईंना जिवाची धास्ती वाटत होती, असं खुद्द अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने, म्हणजे पुढचे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या बायकोने, भेटीनंतर लिहिलंय. मग 1 जानेवारी 1801 ला सोडलं बाईंनी त्यांना.)

कस्टिसांच्या लोकांबाबतीत कायद्याने त्याचे हात बांधलेले होते, हे मान्य. पण मार्थाबाईंची दासी ओना जज, हीही कस्टिसांच्याच हिश्श्यातली, 1796 मध्ये पळाली, तेव्हा बरे हात मोकळे झाले! मार्थाबाई तिला नातीला देऊन टाकणार होत्या, हे कळल्यावर ती निसटली. तर राष्ट्राध्यक्षांनी न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या कस्टम्स अधिकाऱ्याला तिच्या मागावर लावलं. ती कधी हाती लागली नाही. ग्रुपवर हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता येऊ मामांच्या ‘सगळेच’वर. वॉशिंग्टन जन्मला त्याच वेस्टमोरलँड काउंटीत नोमिनी हॉल नावाची इस्टेट होती. मालक रॉबर्ट कार्टर तिसरा, वॉशिंग्टनपेक्षा चार वर्षांनी मोठा. आजोबा इतके गडगंज की लोक त्यांना ‘किंग’ म्हणायचे. घरात मुलांना शिकवायला आलेल्या फिलिप फिथियन नावाच्या तरुणाने वर्षाचा खर्च वहीत उतरवून ठेवलाय : 27,000 पौंड डुकराचं मांस, 20 बैल, 150 गॅलन ब्रँडी. आणि गुलामांना? आठवड्याला माणशी एक पेक मका, म्हणजे सहाएक किलो, आणि एक पौंड मांस. हा त्या भागातला सगळ्यात दयाळू मालक म्हणे!

पण याच माणसाने 1791 मध्ये, स्वतः हयात असताना, कोर्टात कागद दाखल केला. 452 नावं. बायकोच्या मरणाची अट नाही. दरवर्षी थोडे थोडे सोडत जायचं, लहान मुलं वयात आली की त्यांना. शेजारी खवळले, घरचे नाराज. 1793 मध्ये तो सगळं मागे टाकून बाल्टिमोरला निघून गेला आणि सुटका मात्र चालूच राहिली. एकदम का नाही सोडले? विचारा, रास्त आहे. आयुष्याची साठेक वर्षं त्याच मक्या-मांसाच्या हिशोबावर तोही जगला, हेही खरं. देव्हाऱ्यात बसवायला मी त्याला आणलेलं नाही. पण तोच काळ, तीच काउंटी, तोच कायदा.

परतताना गाडीत मामांना हे सगळं सांगितलं. मामांचा पहिला प्रश्न, “मग त्याच्या मुलांना काय मिळालं?” मला हसूच आलं. बिचारे मामा, जन्मभर वारसाचे कागद तपासले त्यांनी. जमीन मिळाली हो मामा, भरपूर मिळाली. घर 1850 मध्ये जळालं. तिकीट काढून बघण्यासारखं तिथे काही नाही, म्हणून पाहुण्यांना कुणी नेत नाही.

उन्हाळ्यात नणंद येतेय. मी तिला नेणार आहे. दोनेक तासांचा रस्ता आहे, ज्याला यायचंय त्याने कळवा, गाडीत जागा आहे. पण ‘त्या काळी’ने सुरू होणारी कॉमेंट इथे टाकलीत तर सरळ डिलीट करणार, मग नात्यातलं कुणी का असेना.