सात सीटर, पाच मिनिटं आणि ‘जनहितार्थ’

दसरा जवळ आला की गाड्यांच्या बुकिंगबरोबर एक मेसेजही ग्रुपाग्रुपांत फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: “सात सीटर घेताय? पाच मिनिटांत पारख करा. सीट मोजा. डिझेलच घ्या. हायवेला एक चक्कर मारा. पत्रा ठोकून बघा, जड गाडी तीच सेफ. जुनी घेणार असाल तर किलोमीटर बघा, कमी पळालेली गाडी डोळे झाकून उचला. बाकी चौकशी म्हणजे वेळ घालवणं.” खाली ‘जनहितार्थ’.

लिहिणारा स्टिअरिंगमागे बसून बोलतोय, हे लगेच कळतं. सात सीटर आपण घेतो ती मागच्या पाच जणांसाठी. तिची पारख त्यांच्या जागेवर बसूनच करावी लागते, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच जागा नाही.

‘सीट मोजा’ इथूनच गडबड सुरू होते. शोरूममध्ये मधली रांग पुढे सरकवून ठेवलेली असते, त्यामुळे तिसरी रांग ऐसपैस दिसते. आधी घरातल्या सगळ्यात उंच माणसाला ड्रायव्हर सीटवर बसवा आणि सीट त्याच्या मापाने मागे घ्यायला सांगा. मग मधल्या रांगेत वडीलधाऱ्यांना त्यांच्या सोयीने पाय ठेवून बसू द्या. आता उरलेल्या जागेत तिसऱ्या रांगेत बसा, आणि निदान पंधरा मिनिटं उठू नका. तिथे फरशी उंच आणि सीट खाली असते, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. डोकं मागच्या काचेपासून किती लांब आहे, एसीचा झोत अंगावर येतो का, बेल्ट सहज लागतो का, हेही तिथेच कळतं.

मग आत शिरायची परीक्षा. लुगड्यातल्या आजीला मधली सीट दुमडून मागे जायला लावा. दुमडणारी सीट डाव्या बाजूची, म्हणजे रस्त्याच्या कडेची हवी. उजवीकडून चढायचं तर वाहत्या रस्त्यात उभं राहावं लागतं. मधे दोन सुट्या सीट असलेली सहा सीटर इथे उजवी ठरते, कारण मधल्या वाटेने मागे जाता येतं. एक माणूस कमी बसतो, पण आजी स्वतः चढते.

आणि डिकी? सातही सीट वापरात असताना मारुतीच्या एर्टिगात २०९ लिटर उरते, रेनोच्या ट्रायबरमध्ये ८४. कोल्हापुराहून नरसोबाच्या वाडीला जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर चालेल. तुळजापूरला मुक्कामी जायचं तर बॅगा टपावर किंवा मांडीवर. सीएनजी घेतलीत तर टाकीही डिकीतच येते. सीट मोजणाऱ्याने बॅगाही मोजायच्या होत्या.

‘डिझेलच घ्या’ हा सल्ला जुन्या काळातला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि मारुतीने डिझेल बंदच केलं, त्यामुळे आज डिझेल एर्टिगा हवी असेल तर ती त्याआधीची, जुनीच मिळणार. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन तापून गाडी बराच वेळ एका वेगात पळावी लागते. शिवाजी पेठेतून शाळा, तिथून मंडई, संध्याकाळी रंकाळा एवढंच जिचं फिरणं, तिचा फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. शिवाय राज्याचा एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. रोज लांब पल्ला असेल तर जरूर घ्या डिझेल, इनोव्हा क्रिस्टावाले उगीच खूश नाहीत. पण ‘च’ काढा.

‘हायवेला एक चक्कर’ मारून काय कळणार? तावडे हॉटेलवरून किणीच्या दिशेने सरळ रस्त्यावर कुठलीही नवी गाडी लोण्यासारखी चालते. गाडी जोतिबाच्या चढाला घाला, माणसं भरून, एसी चालू ठेवून. चढाच्या मध्यात थांबा आणि पुन्हा उचला. ट्रायबरचं एक लिटरचं इंजिन ७२ पीएस ताकदीचं. एर्टिगा पेट्रोलवर १०३ पीएस देते, सीएनजीवर ८८ च्या आसपास. दोघं बसल्यावर हा फरक जाणवणार नाही, पण कोकणातून परतताना करूळ घाटात सात जणांसह पुढच्या ट्रकला ओलांडायची वेळ आली की जाणवेल. भरलेली गाडी स्पीडब्रेकरवर पोट घासते का, हेही रिकाम्या गाडीत समजत नाही. सेल्समन कुरकुर करेल, “सगळ्यांना कशाला आणलं?” म्हणेल. करू दे. पैसे आपले आहेत. येताना घराच्या बोळात रिव्हर्स घेऊनही बघा.

पत्रा ठोकण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१९ मध्ये एर्टिगाला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळाले, २०२१ मध्ये तिच्याहून हलक्या ट्रायबरला चार. बोटाने वाजवून सांगाड्याची ताकद कळत नाही. मात्र ताऱ्यांवरही सगळा भार नको. समोरून धडक देण्याच्या चाचणीत मोठ्यांचे पुतळे पुढच्या सीटवर आणि मुलांचे मधल्या रांगेत असतात, तिसरी रांग रिकामी असते. तिथे बसणाऱ्याचा बेल्ट आणि डोक्यामागचा आधार तुम्हालाच तपासायचा आहे.

आता ‘किलोमीटर कमी, डोळे झाका’. हे कोल्हापुरात लिहायला धाडस लागतं! २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. पाण्यात दिवस काढलेल्या गाड्या धुऊनपुसून, नवे सीटकव्हर घालून पुढे विकल्या जाऊ शकतात, आणि त्यांचे किलोमीटर कमी असू शकतात, कारण बुडालेली गाडी पळत नाही. बाहेरगावाहून आलेली गाडी तिकडे बुडाली नव्हती, याची तरी खात्री कोण देणार?

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. कव्हर बदलतात, बेल्ट सहसा बदलत नाहीत. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली की उठा. गालिचा उचलून खालचा पत्रा बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा, सीटच्या रुळांचे नट गंजलेत का ते पाहा. आकडा मागे फिरवता येतो, पण झिजलेलं ब्रेकचं पॅडल आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग पुन्हा खरखरीत होत नाही. टायरवर शेवटी चार आकडे असतात: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. २०२३ चे टायर, गाडी २०१९ ची आणि मीटरवर वीस हजार, तर आधीचे टायर कुठे झिजले? फॅन्सी नंबरसाठी हजारो मोजणारे आपण हे चार फुकटचे आकडे वाचत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसच्या नोंदी मागवा, सरकारच्या वाहन पोर्टलवर कितवा मालक आणि बँकेचा बोजा बघा, आणि उद्यमनगरातला ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. तो एजंटने सुचवलेला नको.

राहिली ती ‘बाकी चौकशी’. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, मोठीला ४०, म्हणून ट्रायबर आणि एर्टिगाच्या किमती शेजारी ठेवताना हे लक्षात घ्या. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, त्यामुळे बाहेरचं कोटेशन खिशात ठेवून जा. ऑन-रोड किंमत बाबवार लिहून मागा, आणि ‘इतर’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे सही करायच्या आधी विचारा.